दगडावरचे टपाल

आईला तिचा मुलगा मेल्याचे किती पावलांवरून सांगावे?

आमच्या गावात याचे उत्तर ठरलेले होते. दहा पावलांवरून. महारवाड्याच्या तोंडाशी जांभ्याचा एक चिरा होता. पोस्टमनने त्या चिऱ्यापाशी उभे राहायचे, दहा पावलांवर थांबलेल्या माणसाला कार्ड तिथूनच मोठ्याने वाचून दाखवायचे, मग ते चिऱ्यावर ठेवून दहा पावले मागे सरायचे, आणि त्यानंतर ज्याचे कार्ड असेल त्याने येऊन ते उचलायचे. आधी वाचायचे, कारण त्या माणसाचा एकदा हात लागला की ते कार्ड पोस्टमनच्या हातात परत येऊ शकत नसे. त्यामुळे त्या वस्तीत कोणाचेही पत्र त्याचे एकट्याचे नसे. सून नांदत नाही, पोराला गिरणीतून काढले, कोणाला रक्ताची उलटी झाली, सारे काही साऱ्या वाडीला एकदम ऐकू जाई. सरकारच्या कोणत्याही नियमात हा चिरा नव्हता. सरकारला तो माहीतही नसावा. पण गावात नवा पोस्टमन आला की त्याला आधी चिरा दाखवत, मग घरे.

रत्नागिरीहून उत्तरेला निघून, खाडी तरीने, म्हणजे होडीने, ओलांडून, आरे-वारेची वाळू मागे टाकली की पुढे तासाभराच्या चालीवर हे गाव. मी तिथे शाळामास्तर म्हणून गेलो तेव्हा विशीही पुरी झालेली नव्हती. शाळेच्याच एका कोपऱ्यात टपालाची शाखा होती, म्हणून पोस्टमास्तरही मीच. रत्नागिरीहून टपालाची थैली धावकरी आणी आणि घेऊन जाई. माझ्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा पत्रके जास्त होती. शहरात तेव्हा सहभोजने होऊ लागली होती, सभा होत होत्या, आणि मी त्या पत्रकांतली वाक्ये झोपेतही म्हणू शकत होतो. माझ्या हाताखाली, म्हणजे कागदोपत्री हाताखाली, पन्नाशी उलटलेले एक पोस्टमन होते. जातीने कुळवाडी, बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही, घरात फक्त म्हातारी आई. सारा गाव त्यांना पोष्टबाबा म्हणे. मीही तेच म्हणू लागलो.

उंच आणि थोडे पुढे वाकलेले, जणू सतत कोणाच्या ठेंगण्या दारातून आत शिरत असावेत असे ते दिसत. खाकी कोटाला एकच पितळी गुंडी उरली होती आणि ती ते रोज चिंचेने घासत. रस्त्याने अनवाणी चालत. वहाणा थैलीत. कोणाच्या अंगणात पोचले की थांबून पाय झटकत, वहाणा घालत आणि मग हाक मारत. मी एकदा कारण विचारले.

"रस्त्याला काय कळता मी पोष्टमन हाय म्हनून? दाराला कळाया हवा," ते म्हणाले.

पत्र वाचण्याचीही त्यांची एक पद्धत होती. गावात लिहिता-वाचता येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. निम्मे पुरुष मुंबईला. त्यामुळे पत्र पोचवायचे आणि वाचायचेही त्यांनीच. ते पडवीत टेकत, पागोटे काढून मांडीवर ठेवत, ऐकणाऱ्या बाईलाही खाली बसायला लावत, आणि मगच 'तीर्थरूप मातोश्रीस' म्हणून सुरुवात करत. घाई असली तरी उभ्याने वाचत नसत. "उभ्यानं वाचलेला पत्र अर्धाच पोचता," असे ते म्हणत. महारवाड्यात मात्र त्यांना उभ्यानेच वाचावे लागे. अठरा वर्षे ते तसे वाचत आले होते. तिथून परतून हिशेब देताना त्यांचा आवाज बसलेला असे.

मृत्यूची बातमी असलेल्या कार्डाचा कोपरा फाडतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. असे कार्ड घरात नेत नाहीत. अंगणातच वाचून फाडून टाकतात. मी गावात येण्यापूर्वी या कोपऱ्याने एक घात केला होता. खालच्या वाडीतल्या एका बाईचे कार्ड थैलीच्या कडीत अडकले आणि त्याचा कोपरा गेला. पोष्टबाबांच्या ते ध्यानात आले नाही. त्यांनी ते थैलीतून काढले मात्र, बाईने कोपरा पाहिला आणि पडवीच्या खांबावर दोन्ही हात आपटून बांगड्या फोडल्या. नवरा गणपतीला येतो आहे आणि छपराला नवे वासे लागतील का, एवढेच त्या कार्डात होते. नवरा आला. त्याने नव्या बांगड्या भरल्या. पण त्या बाईच्या मनगटावर काचेचा व्रण राहिला, आणि पोष्टबाबा तिच्या दारी गेले की आधी तिकडेच बघत.

तेव्हापासून त्यांच्या थैलीत एक पत्र्याची डबी असे. डबीत भाताची खळ. सकाळी शाळेत बसून ते प्रत्येक कार्डाचे चारही कोपरे तपासत. "हातानं फाडलेला कोपरा सरळ असता, मास्तर. थैलीत फाटलेला चावल्यासारखा." चावलेला कोपरा दिसला की ते कागदाचा तुकडा कापून खळीने तिथे चिकटवत आणि वाळेपर्यंत फुंकर घालत. हे खात्याच्या नियमात बसत नाही, असे मी बजावले.

"नियमात रडना बसता काय?" त्यांनी विचारले.

तुकड्यांसाठी कागद कुठून आणतात, हे मला उशिरा कळले. माझ्या ट्रंकेतून. त्यांनी लपवले नाही. "तुमचा कागद चांगला, मास्तर. जाड हाय." गावकरांच्या, म्हणजे गावच्या पहिल्या मानकऱ्याच्या घरी गेलेल्या एका कार्डाच्या कोपऱ्यावर 'न्याय' या शब्दातला अर्धा 'न्' मी स्वतः पाहिला. मी रागावलो. आज वाटते, माझ्या पत्रकांनी त्या गावात केलेले तेवढेच एक उपयोगाचे काम होते.

भाताची कापणी चालू होती. त्या दिवशी थैलीतून आलेले एक कार्ड पोष्टबाबांनी हातात घेतले आणि ते खाली बसले. कोपरा सरळ फाटलेला होता. पत्ता महारवाड्यातल्या तानूचा. गाव तिला तानी म्हणे. पोष्टबाबा तानूबाय म्हणत.

"हिची दोन पोरा हायत मुंबयला," ते म्हणाले. "कोपरा लांबनंच दिसनार. मी तोंड उघडायच्या आधी तिला कळनार, एक गेला. कुटला, ते मी वरडून सांगायचा?"

मी बोलू लागलो. रूढी, अन्याय, माणुसकी. चांगले बोललो असेन, कारण त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"व्हय, ते खरा," ते म्हणाले. "पन मी आत्ता काय करू?"

माझ्या कोणत्याच पत्रकात ते नव्हते. त्यांनी थैली उचलली आणि ते गेले.

पुढचे मला तानूबायनेच सांगितले. ती पडवीवरच्या माडाच्या झापांची दुरुस्ती करत होती. चिऱ्याकडून हाक येईल म्हणून तिने मान वर केली, तर पोष्टबाबा चिरा ओलांडून सरळ तिच्या दाराशी आलेले. त्यांनी वहाणा घातल्या. "तानूबाय, खाली बस," म्हणाले. कार्ड त्यांच्या हातात होते आणि फाटलेल्या कोपऱ्यावर त्यांनी अंगठा दाबून धरला होता. ती बसली. ते तिच्या पडवीत बसले, पागोटे काढले, आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात त्यांनी ते चार ओळींचे कार्ड वाचले. मग अंगठा काढला.

"धाकटा," ती म्हणाली.

"धाकटा," ते म्हणाले.

मग त्यांनी पाणी मागितले.

"माज्या हातचा?"

"मग कुनाच्या? घर तुजा हाय."

ते पाणी प्याले. वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, गवताचा भारा घेऊन जाणाऱ्या कोणी ते पाहिले. दिवस मावळायच्या आत गावकी बसली आणि पोष्टबाबांचे घर वाळीत पडले.

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवे. त्या घरी कोणी जायचे नाही, त्यांना बोलवायचे नाही, त्यांच्याशी बोलायचे नाही. विहीर बंद, न्हावी बंद, विस्तव मागायचा नाही. जन्माला आले तरी आणि मेले तरी त्या घरात गाव नाही. आपण अस्पृश्यतेला धर्म म्हणतो आणि वाळीत टाकण्याला गावची शिस्त म्हणतो. पण हात तोच आहे. काहींना तो जन्मतःच चिऱ्यापलीकडे ठेवतो आणि त्यांच्याकडे जो जाईल त्याला बैठकीत ठराव करून तिकडे ढकलतो. पहिली प्रथा टिकवायला दुसरीची भीती लागते, म्हणून दोन्ही जपून ठेवलेल्या आहेत.

पण टपाल तर सगळ्यांनाच हवे होते. मग गावाने तोड काढली. प्रत्येक वाडीच्या तोंडाशी एकेक चिरा आणून ठेवला. पोष्टबाबांच्या हातातून काही घ्यायचे नाही. त्यांनी चिऱ्यावर ठेवावे.

पोष्टबाबांनी हे इतक्या काटेकोरपणे पाळले की गाव टेकीला आला. पहिल्या दिवशी गावकर स्वतःच कार्ड घ्यायला आले. पोष्टबाबा चिऱ्यापाशी उभे.

"गावकर, मागं सरा. दहा पावला झाली नाय."

"अरे ठेव की तिथं."

"आधी वाचायचा, मग ठेवायचा. रीत तुमचीच हाय." आणि त्यांनी उभ्याने, महारवाड्यात वाचत त्याच आवाजात, वाचायला सुरुवात केली. गावकरांच्या जावयाचे कार्ड होते. तुमच्या मुलीला घेऊन जा, तिला स्वयंपाक येत नाही आणि ती उलट बोलते, असे त्यात होते. सारी वाडी कामे टाकून उभी राहिली. कोणीतरी हसले. दोन-चार दिवसांत सगळ्या वाड्यांनी सांगून टाकले, वाचू नको, नुसता ठेव. मग बायका कार्डे घेऊन शाळेत माझ्याकडे येऊ लागल्या. मी वाचून दाखवी, पण उभ्याने, वर्ग चालू असताना. "पोष्टबाबा वाचायचे तसा वाटत नाय," असे एक म्हातारी सरळ म्हणाली.

या गोष्टीवर मी तेव्हा पुष्कळ हसलो. पोष्टबाबा हसले नाहीत. "त्या पोरीचा काय चुकला व्हता?" एवढेच ते गावकरांच्या मुलीबद्दल म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यांच्या दाढीचे खुंट वाढले. पाणी ते लांबच्या वहाळातून आणत. पण हे त्यांना लागत नव्हते. लागत होते ते आईचे. शिमग्याला देवीची पालखी आमच्याकडे घरोघर फिरते. म्हातारीने ओणव्या ओणव्याने अंगण सारवले, दिवा लावला, ओटीचे सामान मांडले. ढोल जवळ आला, शेजारच्या घरी थांबला, आणि तिच्या बेड्यावरून, म्हणजे अंगणाच्या फाटकावरून, पुढच्या घराकडे वळला. म्हातारी दिवा घेऊन उभीच. पालखीला खांदा देणाऱ्यांत तिचा सख्खा पुतण्या होता. त्याने खाली बघितले.

त्यानंतर तिने मुलाजवळ एकच धोशा लावला. मला माझ्या भावकीच्या चार खांद्यांवरून जायचे आहे. तू गावापुढे जा, नारळ ठेव, चुकलो म्हण. मी फार दिवसांची नाही.

पोष्टबाबा माझ्याकडे आले. "आईसाठी ठेवतो नारळ," म्हणाले. गावकीला माफीचा कागद हवा होता, सहीनिशी. तो मी लिहावा, असे गावकरांनी मला कळवले होते.

आणि मी तो लिहिला. जो मी मजुरांच्या आणि अस्पृश्यांच्या हक्कांवर दोन ताव एका बैठकीत लिहीत असे, त्याने हा कागदही एका बैठकीत लिहिला. मला वाटले, मी फार शहाणपणा केला आहे. पाप, विटाळ असले काही त्यात येऊ दिले नाही. 'आपण चुकून महारवाड्यात गेलो, पुन्हा असे होणार नाही,' एवढेच लिहिले. चुकून या शब्दात गावाचाही मान राहत होता आणि त्यांचाही.

देवळासमोर पालखी टेकवायची सहाण आहे, तिथे सकाळी गाव जमला. पोष्टबाबा नारळ हातात धरून उभे. मी कागद वाचला. गावकरांची मान हलली. "बरोबर हाय. चुकून गेला. कुनाकडनं पन व्हता."

"चुकून म्हंजे?" पोष्टबाबांनी मला विचारले.

"म्हणजे वाट चुकून," मी म्हणालो.

"मास्तर, मी अठरा वर्षा टपाल वाटतो. मी वाट चुकत नाय."

दोघे-तिघे हसले. गावकर समजुतीने म्हणाले, "बाबा, शब्द हाय तो. शब्दाचा काय धरून बसलास? म्हातारीकडं बघ."

"तिच्याकडंच बघून आलोय, गावकर. पन मी चुकीच्या घरी गेलो म्हंजे कार्ड तानूबायचा नव्हता. मग पोर कुनाचा मेला?"

ते माझ्याकडे वळले. "मास्तर, 'चुकून' खोडा. 'गेलो' लिवा. 'बसलो' लिवा, 'पानी प्यालो' लिवा. त्याच्याखाली सही करतो."

"मग त्यात माफी कुटं राहिली?" गावकर म्हणाले.

"मी पन तेच बघतोय," पोष्टबाबा म्हणाले.

मी तो शब्द खोडला नाही. लेखणी माझ्या हातात होती. एक रेघ मारली असती तर गावासमोर एक खरा कागद उभा राहिला असता, मग त्याचे गावाने काहीही केले असते. मी गावकरांकडे पाहत राहिलो. पोष्टबाबा थोडा वेळ थांबले आणि नारळ घेऊन घरी गेले.

आईने दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी, भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या, तिने विचारले, "तिचा कुटला पोर गेला?"

"धाकटा."

म्हातारी म्हणाली, "माजा पन एक धाकटा व्हता. तुज्या पाठचा." आणि मग, "तरी मना चार खांदे हवे व्हते रे." हे पोष्टबाबांनी मला शाळेत कोपरे तपासताना सांगितले. त्या दिवशी त्यांनी एकच कोपरा दोनदा चिकटवला.

आषाढात म्हातारी गेली. पाऊस लागून राहिला होता. पोष्टबाबा भावकीत प्रत्येक दारी गेले, वहाणा घालून. दारे उघडी होती, माणसे आत होती, कोणी बाहेर आले नाही. पुतण्या परसदाराने शेतावर निघून गेला. मग ते शाळेत आले. अंगावरचे पाणी ओटीवर गळत होते.

"मास्तर, आई गेली. खांद्याला तिघं बघतोय."

मी काय म्हणालो, ते मला अक्षरन्‌अक्षर आठवते. "थैली बंद करायची आहे, पोष्टबाबा. धावकरी थांबलाय. त्याची तर चुकेल."

ते म्हणाले, "व्हय, तर चुकेल," आणि गेले.

महारवाड्यातून तिघे आले. तानूबायचा थोरला मुलगा गावी आलेला होता, तो आणि त्याचे दोन सोबती. अंगणाबाहेर पावसात उभे राहून त्याने विचारले, "बाबा, आमचा खांदा चालंल काय?" पोष्टबाबांनी लगेच हो म्हटले नाही, असे तानूबाय सांगते. ते आत गेले, आईजवळ बसले. ती जन्मभर सोवळे पाळणारी. तिला काय हवे होते, ते त्यांना पक्के ठाऊक होते. बाहेर येऊन ते म्हणाले, "आईला आवडला नसता. तिचा राग मी सोशीन. या."

स्मशानाची वाट शाळेवरून जाते. मी थैलीच्या गाठीवर लाख ओतत होतो तेव्हा ते चौघे खिडकीसमोरून गेले. वाट निसरडी होती आणि पोष्टबाबा इतरांहून उंच, त्यामुळे तिरडी एका बाजूला कलत होती. खांदा बदलायला पाचवा कोणी नव्हता. मला अजूनही उठता आले असते. मी लाखेवर शिक्का मारला. मुलांना वाटले असेल, मास्तर कामात आहेत.

सुतक सरकारी नोकरीत चालत नाही, म्हणून पोष्टबाबा दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी कामावर आले. मी तोंडातल्या तोंडात काही बोललो. त्यांनी मला थांबवले. "तुमचा दोष नाय, मास्तर. टपाल थांबवायचा नसता." ते मनापासून म्हणाले. त्यांच्या त्या म्हणण्यात उपहास असता, तर मला सहन झाला असता.

पुढे त्यांनी बदली मागून घेतली आणि शहरात मिरकरवाड्याच्या बाजूला टपाल वाटू लागले. तिथेच ते तापाने वारले. मला कळायला महिना लागला. त्या गावात मी अजून दोन वर्षे होतो. त्या काळात मी किती सभांत बोललो ते सांगत नाही. गावकरांशी माझे संबंध शेवटपर्यंत चांगले राहिले, एवढे सांगितले की पुरे.

वाचकहो, तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या गावात वाळीत पडलेले एखादे घर असेल; नसले तर पुढच्या बैठकीत कोणाचे तरी नाव निघेल. माझ्यासारखे मधले, सगळ्यांना बरे वाटेल असे शब्द त्यांना सुचवू नका. बैठकीत उभे राहा आणि त्या माणसाने काय केले ते जसेच्या तसे, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगा. आणि त्या घरातून कोणी तिघे शोधत तुमच्या दारी आला, तर हातात काय काम आहे ते पाहू नका. पायात वहाणा घाला आणि त्याच्याबरोबर चला.